रक्ताबाहेरचे घर

अद्भुतकथा म्हणजे पऱ्या, राक्षस आणि मुलांची करमणूक, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे परिवर्तनाच्या चळवळीतील माणसे या साहित्याकडे फिरकत नाहीत. त्यातून समलिंगी माणसांचा विषय निघाला, की 'हा आपला प्रश्न नव्हे' असे म्हणून तो बाजूला सारला जातो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली होती, आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. फिनलंडमधील एका लेखिकेच्या बालकथांच्या आधारे मी येथे त्याचा विचार करणार आहे.

टोवे यान्सन (१९१४–२००१) या हेलसिंकीच्या चित्रकार आणि लेखिका. त्यांची मातृभाषा स्वीडिश, म्हणजे त्या देशातील अल्पसंख्याकांची. मुमिन नावाच्या गुबगुबीत, मोठ्या नाकाच्या काल्पनिक प्राण्यांवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९४५ साली आले. फिनलंडच्या १८८९च्या दंडसंहितेने समलिंगी संबंध हा गुन्हा ठरवला होता. ब्रिटनचा असा कायदा पुरुषांपुरताच होता. फिनलंडचा स्त्रियांनाही लागू होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची होती.

या कायद्याखाली टोवे यांचे नाट्यदिग्दर्शिका विविका बांडलर यांच्यावर प्रेम जडले. १९४८च्या पुस्तकात टॉफ्स्लन आणि विफ्स्लन ही दोन चिमुकली पात्रे येतात. ही नावे या दोघींच्याच नावांवरून घडवलेली आहेत. ती दोघे कधी एकमेकांना सोडत नाहीत, आपली वेगळी भाषा बोलतात आणि एक पेटी जिवापाड जपतात. पेटीत एक मोठे माणिक आहे. ग्रोक नावाची भयंकर, थंडगार बाई त्या माणकावर हक्क सांगत येते. रीतसर खटला भरतो. शेवटी मुमिन-आई घरातली जादूची टोपी ग्रोकला देऊन टाकते आणि माणिक त्या दोघांकडे राहते.

पेटीतले माणिक म्हणजे काय, हे जाणकारांनाच कळले. त्या काळी एखाद्या मुलीला आपले मन वेगळे आहे असे वाटले असेल, तर तिला या पुस्तकातून ऊब मिळाली असेल, पण नाव मिळाले नाही. सांकेतिक लिहिणे ही दडपशाहीत जगण्याची युक्ती आहे. तिचे कौतुक करताना ती लादलेली होती, हे विसरता कामा नये.

पुढे चित्रकर्ती टूलिक्की पिएतिला टोवे यांच्या आयुष्यात आल्या, त्या अखेरपर्यंत. त्यांच्यावरून घडवलेली टूटिकी १९५७च्या पुस्तकात अवतरते. ती शहाणी आहे, कामसू आहे, कुणाची मिंधी नाही. मुमिनांच्या घरात कोणीही यावे. आणखी एक खाट टाकायची आणि जेवणाचे टेबल वाढवायचे. तेथे कुणाला कूळ विचारत नाहीत. स्वजातिविवाह हे जातिसंस्थेचे मर्म आहे, असे बाबासाहेबांनी १९१६च्या निबंधात मांडले. ज्या समाजात रक्त आणि लग्न यांवर कुटुंबाचा पहारा आहे, त्या समाजातील वाचकाला हे घर साधे वाटणार नाही.

'अदृश्य मूल' ही १९६२ची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. टूटिकी एका पावसाळी संध्याकाळी निन्नी नावाची मुलगी मुमिनांकडे आणते. ती कुणाला दिसत नाही; गळ्यातल्या घुंगरामुळे ती कुठे आहे ते कळते. तिला सांभाळणाऱ्या बाईने तिला मारझोड केलेली नाही. ती बाई नुसती थंडपणे, उपरोधाने बोलत राहिली आणि मूल नाहीसे झाले. शाळा-कॉलेजांत, कचेऱ्यांत असा उपरोध ऐकलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मुमिन-आई तिला औषध देते, गुलाबी झगा शिवते. पाय दिसतात, पंजे दिसतात, गळ्यापर्यंत शरीर दिसू लागते. चेहरा मात्र येत नाही. भांडायला शिकल्याशिवाय तुला चेहरा मिळणार नाही, असे लिल्ला म्यू नावाची फटकळ पोर तिला सुनावते. एके दिवशी समुद्रकाठी मुमिन-बाबा गंमत म्हणून मुमिन-आईला पाण्यात ढकलण्याचे सोंग करतो. निन्नीला ते खरे वाटते. ती धावत जाऊन त्याच्या शेपटीचा कडकडून चावा घेते आणि त्याच क्षणी तिचा चेहरा प्रकटतो.

माया गळ्यापर्यंत पोचते. चेहरा रागाने येतो. पण तो राग आपल्या माणसासाठी आलेला आहे, आणि ते माणूस रक्ताचे नाही. निवडलेल्या कुटुंबाचे काम नुसते गोंजारणे नव्हे. जिथे राग धरण्याइतकी आपली माणसे मिळतात, ते घर.

फिनलंडमध्ये हा गुन्हा १९७१ साली रद्द झाला; पण त्याच वेळी अशा संबंधांना जाहीर उत्तेजन देण्यास बंदी आली आणि ती १९९९पर्यंत टिकली. जगा, पण बोलू नका, असा त्याचा अर्थ. रोगांच्या यादीतून समलैंगिकता १९८१ साली निघाली. १९९२ साली टोवे आणि टूलिक्की राष्ट्राध्यक्षांच्या स्वातंत्र्यदिन समारंभाला जोडीने गेल्या.

दया आणि उपदेश यांनी आपले बालसाहित्य भरलेले आहे. गरीब, बिचारे, आज्ञाधारक मूल त्यात पुष्कळदा भेटते. चावा घेणारे आणि त्यानंतरही घरातल्या ताटावर बसणारे मूल कोण लिहिणार, हा प्रश्न मी आपल्या लेखकांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवतो.