एकोणीस प्रश्नांची कुळकथा

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं नवं औषध तपासताना रुग्णापुढे अनेकदा एक कागद ठेवला जातो. त्यावर एकोणीस विधानं असतात. गेल्या सात दिवसांत त्यातलं प्रत्येक आपल्याला कितपत लागू पडलं, ते शून्य ते चार या आकड्यांत रुग्णानं स्वतः सांगायचं. या कागदाचं नाव ‘एफकेएसआय-१९’.

त्याचा मूळपुरुष मात्र रुग्णाला काही विचारतच नव्हता. युद्धातल्या मस्टर्ड वायूचा चुलतभाऊ असलेलं नायट्रोजन मस्टर्ड १९४०च्या दशकात कर्करोगावर वापरून पाहिलं जाऊ लागलं. गाठ थोडी आक्रसली, पण माणसाला बरं वाटलं का, याची नोंद करायची कशी? न्यूयॉर्कचे डेव्हिड कार्नोफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८मध्ये शंभरापासून शून्यापर्यंत, दहा-दहानं उतरणारी मोजपट्टी मांडली. शंभर म्हणजे काही तक्रार नाही, सत्तर म्हणजे स्वतःचं आवरता येतं पण कामधंदा जमत नाही, शून्य म्हणजे मृत्यू. आकडा ठरवायचे डॉक्टर. रात्रभर दुखत होतं का, हा प्रश्न या पट्टीवर नव्हताच.

तरी ही पट्टी चिवट निघाली. १९९९मध्ये रॉबर्ट मोट्झर आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचा कर्करोग पसरलेल्या ६७० रुग्णांच्या नोंदी तपासून आयुर्मानाचा अंदाज देणारे पाच घटक काढले. त्यांतला एक होता ऐंशीपेक्षा कमी कार्नोफस्की गुण. आजही उपचार ठरवताना हा आकडा पाहतात.

आकडा रुग्णाकडून घेण्याची कल्पना दुसऱ्या आजारातून आली. प्रीस्टमन आणि बॉम या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७६मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दहा सेंटिमीटरच्या रेघांवर आपल्या त्रासाची खूण करायला सांगितलं. १९९३मध्ये अमेरिकेत डेव्हिड सेला यांची ‘फॅक्ट-जी’ ही सर्व कर्करोगांसाठीची प्रश्नावली आली, आणि त्याच वर्षी युरोपात तीस प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’.

पण सर्वांसाठी शिवलेला अंगरखा कुणालाच नीट बसत नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगात लघवीतून रक्त जातं, कारण सापडत नसलेला ताप येतो, वजन उतरतं. रोग हाडांत गेला की हाडं ठणकतात, फुप्फुसांत गेला की खोकला आणि धाप. हे सगळं धरून सेला यांच्या गटानं २००६च्या सुमारास पंधरा प्रश्नांची ‘एफकेएसआय’ बांधली आणि त्यातले नऊ प्रश्न निव्वळ रोगाच्या लक्षणांसाठी वेगळे काढले. अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्या काळात धरलेला आग्रह मला या साऱ्या कथेतला सर्वांत शहाणा वाटतो: प्रश्न रुग्णांना महत्त्वाचे वाटतात, याचा पुरावा द्या. मग प्रगत अवस्थेतल्या रुग्णांनाच विचारून एकोणीस प्रश्नांची आवृत्ती तयार झाली. तीत रोगाच्या शारीरिक लक्षणांचे बारा प्रश्न आहेत, उपचाराच्या त्रासाचे तीन, काम आणि जगण्यातला आनंद यांबद्दलचे तीन, आणि प्रकृती आणखी बिघडेल या धास्तीचा एक.

कोणी सांगायचं आणि काय विचारायचं, हे असं ठरलं. कधी विचारायचं, हा पेच मागे राहिला. सुनिटिनिब हे औषध चार आठवडे घेऊन दोन आठवडे थांबवायचं असे, पाझोपानिब रोज. १,११० रुग्णांवर दोघांची तुलना करणारी चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. परिणाम तुल्यबळ निघाला, पण जीवनमानाच्या बऱ्याच मोजमापांत पाझोपानिब सरस ठरलं. प्रश्नावली भरून घेतली जायची अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे सुनिटिनिबवाला पुरता थकलेला असताना. सुट्टीच्या आठवड्यांत तो सावरला की नाही, हे कागदावर उतरायला जागाच नव्हती. चाचणीचा खर्च पाझोपानिबच्या उत्पादकांचा होता, हेही सांगायला हवं.

पुढच्या वर्षी आलेल्या ‘पायसीस’ चाचणीत रुग्णांना दोन्ही औषधं, नावं लपवून, दहा-दहा आठवडे दिली आणि कोणतं हवं ते विचारलं. ७० टक्के पाझोपानिब म्हणाले, २२ टक्के सुनिटिनिब. पण दहा आठवडे म्हणजे चार गोळीचे, दोन सुट्टीचे आणि पुन्हा चार गोळीचे. सुनिटिनिबची पाळी इथेही जड आठवड्यांतच संपत होती. दरम्यान अनेक डॉक्टरांनी दोन आठवडे गोळी आणि एक आठवडा विश्रांती असं वेळापत्रक वापरायला सुरुवात केली होती.