तळटीप : एका कळीवर चालणारा खेळ
* चाकूरहून नांदेडला जाणारे अनेकजण गोविंद बागेतला लेझर शो पाहून येतात. अशा खेळांत एक कळ दाबली की पुढचे आपोआप होते, हे विधान अर्धेच खरे आहे. दिव्यांना आज्ञा पोचवणारी १९८६ची डीएमएक्स-५१२ पद्धत तीच मूल्ये सेकंदाला सुमारे ४४ वेळा पाठवू शकते. एखादी खेप हुकली तरी पुढची ती भरून काढते. प्रोजेक्टरला सिरियल तारेवरून जाणारी आज्ञा मात्र सहसा एकदाच जाते. दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे आज्ञा पाठवण्याचा वेग, जुळला नाही किंवा शेवटचे समाप्तीचिन्ह राहिले, तर यंत्र ढिम्म हलत नाही, आणि बहुधा तक्रारही करत नाही. म्हणून ठरावीक सेकंद थांबून पुढची आज्ञा सोडण्यापेक्षा यंत्राच्या उत्तराची वाट पाहणारा क्रम अधिक भरवशाचा. उत्तरासाठी थांबल्यास संगीताशी मेळ तुटेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तो खेळ सुरू झाल्यानंतरच्या आज्ञांनाच लागू पडतो. प्रोजेक्टरचा दिवा तापवणे, चित्राचा स्रोत निवडणे ही कामे प्रेक्षक येण्याआधीच उत्तर घेऊन उरकता येतात. पुढचे घड्याळावर सोडावे. आतषबाजी मात्र डीएमएक्सवर कधीच सोपवू नये, कारण त्या पद्धतीत चूक ओळखण्याची सोयच नाही. — संपादक