रहिवासी कोणाला म्हणायचं?

बहिणीचा फोन आला. भाच्याला नीटमध्ये मार्क बरे आहेत, पण महाराष्ट्राच्या कोट्यात तो बसत नाही. जन्म साताऱ्याचा, बारावी पुण्यात. दहावी मात्र इंदूरला, कारण दाजींची बदली. नोकरी खाजगी, म्हणून सवलत नाही. मध्य प्रदेशचा मूलनिवासी दाखलाही नाही. म्हणजे पोरगं ना इकडचं, ना तिकडचं.

गंमत म्हणजे हा वाद सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा गाजला तो इंदूरवरूनच. तिथल्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला 1500 रुपये कॅपिटेशन फी घेत. दिल्लीचा एक विद्यार्थी कोर्टात गेला. 1955 साली बहुमताने निकाल लागला: घटनेच्या कलम 15 मध्ये जन्मस्थानावरून भेदभावाला मनाई आहे, रहिवासावरून नाही. कॉलेजला पैसा राज्य देतं, तर तिथल्या लोकांना झुकतं माप देणं गैर नाही. ही पळवाट नव्हती, त्यात तथ्य होतं. डॉक्टर आपल्या भागात टिकावा असं कुठल्या राज्याला वाटणार नाही?

पण पुढे राज्यांनी जवळजवळ सगळ्याच जागा अडवल्या. 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवतींनी ठणकावलं, की भारतात अधिवास एकच, भारताचा. एमबीबीएसच्या सगळ्या जागा स्थानिकांना देता येणार नाहीत. 1986 मध्ये त्यातूनच 15 टक्के अखिल भारतीय कोटा ठरला. बाकी 85 टक्के राज्याकडे.

आपण तर राज्यातही भिंती घातल्या होत्या. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असा 70:30 चा हिशोब 2020 पर्यंत चालला. आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पदव्युत्तर मेडिकलमधलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसला ते मर्यादेत चालू आहे.

माझा आक्षेप स्थानिक कोट्याला नाही. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या पोरांना तो हवाच. आक्षेप मोजपट्टीला आहे. दहावीची मार्कशीट कुठल्या राज्यातली, यावरून हा मुलगा उद्या कुठे दवाखाना थाटेल हे कसं कळणार? खरंच डॉक्टर टिकवायचे असतील तर प्रवेशाच्या वेळीच ग्रामीण सेवेची हमी घ्या आणि ती पाळून घ्या.

भाचा सध्या अखिल भारतीय यादीत नाव शोधतोय. त्याच्या आधार कार्डावर पत्ता मात्र सातारचाच आहे.