निरोपांना कुंपण कुणी घातलं?

मैत्रिणींनो, आपल्या गटात प्रत्येकीचं सिम वेगळ्या कंपनीचं, तरी फोन लागतोच. पण व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर निरोप जात नाही. ज्या ॲपवर बैठकीचा निरोप, ते जिच्याकडे नाही ती बाई राहून जाते.

हे भांडण जुनं आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने आपल्या मेसेंजरवरून एओएलच्या लोकांशी बोलायची सोय केली. एओएलने ती बंद पाडली, मायक्रोसॉफ्टने पुन्हा वाट काढली. असं कितीदा तरी चाललं. त्याच वर्षी जेरेमी मिलर या तरुणाने जॅबर जाहीर केलं. नियम सगळ्यांना खुले. कुणीही आपला सर्व्हर उभारावा आणि ईमेलसारखं दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं. २००४ मध्ये हे नियम एक्सएमपीपी नावाने इंटरनेटचं मानक झाले. गूगल टॉकनेही तेच घेतले, पण २०१३ मध्ये हँगआउट्स आणून गूगलने पाय मागे घेतला. माणसं जमली की दार लावायची घाई मोठ्यांना होतेच! व्हॉट्सॲपही मुळात याच नियमांवर बेतलेलं, पण कुंपणासकट.

आता युरोपीय संघाच्या कायद्याने व्हॉट्सॲपला इतर सेवांसाठी दार उघडायला लावलंय, पण ते युरोपापुरतं. इथे आम्ही बैठकीचा निरोप एसएमएसनेही धाडतो. तो बटणाच्या फोनवरही पोचतो.