मिटलेल्या पुस्तकाची पद्धत

मजकुराला प्रश्न विचारत, मध्येच थांबून वाचलेले आठवून पाहत पुढे जाण्याच्या रीतीला आज ‘सक्रिय वाचन’ म्हणतात. महाविद्यालयीन अभ्यासासाठी तिची जी मांडणी विशेष प्रसिद्ध झाली, तिच्यामागे दुसऱ्या महायुद्धाची निकड होती. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने विशेष प्रशिक्षण कार्यक्रम हाती घेतला आणि अभियांत्रिकी, वैद्यक व परकीय भाषा यांचे शिक्षण कमी मुदतीत पुरे करण्यासाठी हजारो जवानांना महाविद्यालयांत धाडले. अशा विद्यार्थ्यांना थोड्या वेळात पुष्कळ वाचून ते ध्यानात ठेवायचे होते. ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी या गरजेतून आखलेली पद्धत १९४६ साली ‘इफेक्टिव्ह स्टडी’ या ग्रंथातून पुढे आली आणि पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एस-क्यू-थ्री-आर’ या नावाने रूढ झाली.

तिचा पाया आधीच्या प्रयोगांनी घातला होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले होते की, पाठ केलेल्या निरर्थक अक्षरसमूहांचे विस्मरण आरंभीच्या काही तासांत सर्वांत झपाट्याने होते. तर आर्थर गेट्स यांच्या १९१७ च्या प्रयोगांत, सगळा वेळ वाचण्यात घालवण्यापेक्षा त्यातला बराचसा भाग न पाहता म्हणून दाखवण्यास दिलेल्या विद्यार्थ्यांना अधिक आठवले होते.

रॉबिन्सन यांच्या पद्धतीत प्रथम प्रकरणाची शीर्षके व सारांश यांवरून नजर फिरवायची, मग प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करायचा, त्याच्या उत्तराच्या शोधात तेवढाच भाग वाचायचा, नंतर पुस्तकावरून नजर काढून ते उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगायचे किंवा मोजक्या शब्दांत टिपायचे, आणि अखेरीस सर्व प्रकरणाची उजळणी करायची, असा क्रम होता. उदाहरणार्थ, ‘फ्रेंच राज्यक्रांतीची आर्थिक कारणे’ या उपशीर्षकाचा ‘राजाची तिजोरी कशाने रिती झाली आणि कराचा बोजा कोणावर पडला?’ असा प्रश्न केला, की पुढच्या परिच्छेदांत नेमके काय शोधायचे हे वाचण्यापूर्वीच ठरते, आणि उत्तर सांगता आले नाही तर कोणता भाग पुन्हा वाचायचा हेही तत्काळ कळते. चौथ्या पायरीचे ‘रिसाइट’ हे इंग्रजी नाव पाठांतराची आठवण करून देते खरे. परंतु घोकंपट्टीत पुस्तकाचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे असतात, तर येथे आशय स्वतःच्या शब्दांत मांडता येतो की नाही, याची परीक्षा असते.

१९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळाले आणि १९४७ पर्यंत अमेरिकी महाविद्यालयांतील जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. या वाढत्या विद्यार्थिवर्गामुळे अभ्यास कसा करावा हे शिकवण्याची गरजही व्यापक झाली. तथापि ही पद्धत ठळक उपशीर्षके असलेल्या पाठ्यपुस्तकाला जितकी सोयीची, तितकी कथाकादंबऱ्यांना नाही. पुढे २००६ मध्ये हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पाच पायऱ्यांपैकी चौथीचे बळ यातून विशेष स्पष्ट होते, आणि घाईतला विद्यार्थी नेमकी तीच गाळतो, कारण पुस्तक उघडे असेपर्यंत सारे समजले आहे असेच त्याला वाटत असते.