ऊर्जाबचतीची कसोटी नकाशावरच

सदनिका घेताना ग्राहक क्षेत्रफळ, पाणी आणि वाहनतळ यांची कसून चौकशी करतो. पश्चिमेची भिंत दुपारी किती तापेल, हे मात्र तो विचारत नाही आणि विकासकही सांगत नाही. इमारत बांधणारा एक आणि विजेचे बिल भरणारा दुसरा, ही या व्यवसायातील जुनी विसंगती आहे. निवासी इमारतींसाठी कठोर होत चाललेल्या ऊर्जाबचतीच्या निकषांचा रोख नेमका तिच्यावरच आहे.

कायद्याची चौकट

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि २००२ मध्ये 'ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी' स्थापन झाली. २००७ ची पहिली संहिता व्यापारी इमारतींपुरतीच होती. घरांसाठी 'इको निवास संहिता' आली ती डिसेंबर २०१८ मध्ये. किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरील निवासी प्रकल्प हे तिचे लक्ष्य होते. २०१९ मध्ये घरांसाठी तारांकन योजनाही जाहीर झाली. २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट जोडभाराच्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या आणि ही मर्यादा आणखी कमी करण्याची मुभा राज्यांना दिली. १ जानेवारी २०२३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. २०२४ मध्ये सुधारित संहिता प्रसिद्ध झाली. स्थानिक हवामानानुसार बदल करून संहिता अधिसूचित करण्याचे काम राज्यांकडे आहे.

मोजमाप भिंतीचे

संहितेचा भर वातानुकूलन यंत्रापेक्षा इमारतीच्या बाह्य कवचावर आहे. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता प्रत्येक चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपेक्षा अधिक नसावी, असे २०१८ च्या संहितेने ठरविले. ही मर्यादा पुढे १२ वॅटवर आणण्याचा मनोदयही तिच्यात नोंदविला होता. म्हणूनच काठावर उत्तीर्ण होणारा आराखडा करण्यात शहाणपणा नाही.

अलीकडे अनेक उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींनी उभ्या राहतात. बांधकाम वेगाने होते, पण भिंत उष्णता सहज आत सोडते. उष्णतापारगमनाचा गुणांक, म्हणजेच यू-व्हॅल्यू, १५० मिलिमीटर काँक्रीटसाठी साडेतीनच्या वर जातो. २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीचा तो एकच्याही खाली राहतो. काँक्रीटचीच भिंत हवी असेल, तर काचेचे प्रमाण, छज्जे आणि इमारतीची दिशा यांतून भरपाई करावी लागते. ही आकडेमोड पाया खोदण्यापूर्वी झाली, तर तिचा खर्च कमी पडतो.

खिडकी किती उघडते?

मुंबईसारख्या उष्ण आणि दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या एकषष्ठांश असावे, असा २०१८ चा निकष आहे. बाल्कनीचे दारही त्यात धरले जाते. ६० चौरस मीटरच्या सदनिकेला म्हणजे १० चौरस मीटर उघडी जागा लागते. दोन तावदानांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. सगळ्या खिडक्या तशाच असतील, तर २० चौरस मीटर बसवाव्या लागतील. बिजागरीची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते, त्यामुळे ११ चौरस मीटरच्या आसपास भागते. अतिगडद काच लावून ऊन अडविण्याची पळवाटही बंद आहे. खिडक्यांचे प्रमाण कमी असले, तरी काचेतून किमान २७ टक्के प्रकाश आत यायला हवा.

गच्चीवरचा कोबा पुरेसा नाही

छतासाठी यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा १.२ आहे. स्लॅब आणि त्यावरचा नेहमीचा ब्रिकबॅट कोबा एवढ्यावर ती गाठता येत नाही. पॉलिस्टायरीन किंवा पॉलियुरेथेन यांसारखा उष्णतारोधक थर द्यावा लागतो. पांढऱ्या फरशीने ऊन परावर्तित होते आणि छत कमी तापते, पण त्यामुळे यू-व्हॅल्यू बदलत नाही. म्हणून ती या थराला पर्याय ठरत नाही. जलरोधक काम करणाऱ्या ठेकेदाराला हा तपशील निविदेतच लिहून दिलेला बरा.

कागद आणि कारागीर

चांगला आराखडाही प्रत्यक्ष कामात बिघडू शकतो. खरेदी विभाग ऐनवेळी स्वस्त काच किंवा वेगळा ब्लॉक मागवतो आणि नकाशावरचे गणित कोलमडते. काच, ब्लॉक आणि उष्णतारोधक थर यांचे चाचणी दाखले मागणीपत्राबरोबरच मागवावेत. पर्यायी मालाला वास्तुविशारदाची लेखी संमती सक्तीची करावी. झाकले जाणारे थर बंद होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एक नमुना सदनिका आधी पूर्ण करून गवंडी आणि खिडक्या बसविणारे कारागीर यांना तिथेच काम दाखविले, तर पुढच्या मजल्यांवरील चुका टळतात. प्रकल्पाला संहितेची कोणती आवृत्ती लागू आहे, हे परवानगीच्या अर्जापूर्वी तपासणेही आवश्यक आहे.

यंत्र जुने झाले की बदलता येते, तापणारी भिंत मात्र इमारतीबरोबरच टिकते. विकासकाचा संबंध ताबा देऊन काही वर्षांत संपतो, पण रहिवासी त्या भिंतीची किंमत दर उन्हाळ्यात मोजत राहतो. प्रमाणपत्राच्या तयारीकडे नियमाचा जाच म्हणून पाहणाऱ्या व्यावसायिकांनी हा हिशेबही ध्यानात घ्यायला हवा.