राऊटरच्या डबीत दडलेले लिनक्स

१/ डिसेंबर २००२. अमेरिकेतील लिंकसिस कंपनीने ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळ्या-काळ्या रंगाचा घरगुती वाय-फाय राऊटर बाजारात आणला. त्या छोट्या डबीत लिनक्स चालत होते. ग्राहकाला मात्र त्याची कल्पना नव्हती.

२/ लिनक्स विनामूल्य आहे, विनाअट नाही. त्याच्या जीपीएल परवान्यानुसार, जो हे सॉफ्टवेअर यंत्रात घालून विकतो, त्याने आपल्या फेरफारांसह त्याचा सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून दिला पाहिजे.

३/ मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिसच्या खरेदीची घोषणा केली. जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांनी डबीतले गुपित चव्हाट्यावर आणले आणि अखेर कंपनीला कोड खुला करावा लागला.

४/ त्याच कोडच्या पायावर २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला. स्वस्त राऊटरला महागड्या उपकरणांचे गुण लाभले.

५/ २००५ च्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली बसवली. मेमरीही निम्मी केली. परंतु मागणी ओसरेना, तेव्हा लिनक्सवाले ‘जीएल’ मॉडेल वेगळे विकावे लागले.

६/ संघर्ष तरीही मिटला नाही. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा गुदरला. मे २००९ मध्ये तडजोड झाली.

७/ विकत घेतलेल्या यंत्रावर खरी मालकी कोणाची, हा या इतिहासाचा गाभा. परवान्यातील एका अटीने ते उत्तर ग्राहकाच्या बाजूने झुकवले.